रेटरिक अँड कॉम्पोझिशनमध्ये पीएच.डी.: जावं का, कशाच्या जोरावर आणि पुढे काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे: इंग्रजीत एम.ए., सेट (राज्याची प्राध्यापक पात्रता परीक्षा) झालेली, सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवते, वय ३३. अमेरिकेत रेटरिक अँड कॉम्पोझिशन या विषयात फी माफ होऊन वर मानधन घेत पीएच.डी. करता येते, असं ऐकलं. हा विषय नक्की काय, आपल्याला प्रवेश मिळेल का, आणि पुढे नोकरीचं काय?

ऐकलंत ते खरं आहे. रेटरिक म्हणजे वक्तृत्वशास्त्र, कॉम्पोझिशन म्हणजे लेखन; लोक कसे बोलतात-लिहितात आणि लेखन कसं शिकवावं, याचा हा अभ्यास. फी माफ होते, मानधन मिळतं, आणि वर्गात उभं राहायची सवय असलेल्या उमेदवाराचा अर्ज समिती लक्ष देऊन वाचते. पण हे पैसे कशाचे मिळतात ते आधी समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. ते पहिल्या वर्षाच्या मुलांना लिहायला शिकवण्याचे आणि त्यांचे निबंध तपासण्याचे आहेत. तुमचं संशोधन त्यातून उरलेल्या वेळात होतं. मी ही पदवी तिकडेच केली, आता मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात लेखनाचे वर्ग घेते आणि प्रवेश समितीवरही बसते. साहित्यात जागा मिळत नाही म्हणून या दाराने आत शिरायचं आणि मग हळूच व्हिक्टोरियन कादंबरीकडे वळायचं, असा बेत आखून येणारे दरवर्षी एक-दोन दिसतात. दुसऱ्या वर्षापर्यंत त्यांचा जीव मेटाकुटीला येतो. तसा विचार असेल तर येऊ नका, एवढं मी स्पष्टच सांगते.

ही व्यवस्था जुनी आहे. १८७४ मध्ये हार्वर्डने प्रवेशासाठी इंग्रजी निबंधाची परीक्षा सुरू केली. (त्याच साली पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांची निबंधमाला निघाली. योगायोगच, पण मला तो आवडतो.) चांगल्या घरच्या, नावाजलेल्या शाळांतून आलेल्या मुलांचे पेपर वाचून परीक्षकांनी कपाळाला हात लावला, आणि १८८५ पासून ‘इंग्लिश ए’ हा लेखनाचा वर्ग तिथे पहिल्या वर्षाला सक्तीचा झाला. बाकीच्यांनी तोच कित्ता गिरवला. आज इंजिनिअरिंगला जा, नर्सिंगला जा की संगीताला, बहुतेक अमेरिकी विद्यापीठांत पहिल्या वर्षी एक किंवा दोन सेमिस्टर लेखनाचा वर्ग चुकत नाही. मोठ्या सरकारी विद्यापीठात दरवर्षी हजारो नवी मुलं येतात आणि एका वर्गात वीस-पंचवीसच बसवायची असतात. ‘कॉन्फरन्स ऑन कॉलेज कॉम्पोझिशन अँड कम्युनिकेशन’ ही १९४९ सालची आमची मुख्य संघटना (सगळे तिला ‘फोर सीज’ म्हणतात) तर २० च्या वर नकोतच, १५ असतील तर उत्तम, असं सांगते. एवढे वर्ग घेणार कोण? मोठ्या प्रमाणावर पीएच.डी. करणारेच.

बराच काळ हे काम हमालीचं समजलं गेलं. प्राध्यापक साहित्य शिकवणार आणि लेखनाचे वर्ग कनिष्ठांच्या गळ्यात. लेखन शिकवण्यावर संशोधन होतं, पण विखुरलेलं. १९६३ मध्ये ब्रॅडॉक, लॉइड-जोन्स आणि शोअर यांनी त्या सगळ्याचा आढावा घेतला आणि किमयेच्या युगातून नुकतंच बाहेर पडणारं रसायनशास्त्र जसं असेल तशी या संशोधनाची अवस्था आहे, असं लिहून टाकलं. पुढच्या वीसेक वर्षांत चित्र पालटलं. कार्नेगी मेलनमध्ये लिंडा फ्लॉवर आणि जॉन हेज यांनी लोकांना लिहिता लिहिता मनातलं मोठ्याने बोलायला लावलं, ते ध्वनिमुद्रित केलं आणि १९८१ मध्ये लेखनप्रक्रियेचा सिद्धांत मांडला.

पण तुम्ही सर्वांत आधी मिना शॉनेसी वाचा. न्यूयॉर्कच्या सरकारी विद्यापीठाने १९७० मध्ये शहरातल्या हायस्कूल पास झालेल्या सगळ्यांना दारं उघडली. कष्टकरी घरांतली, कृष्णवर्णीय, पोर्तो रिकोची मुलं पहिल्यांदाच मोठ्या संख्येने कॉलेजात आली. त्यांचं लेखन पाहून कित्येक प्राध्यापक हबकले. शॉनेसी यांनी सुमारे ४,००० निबंध वाचले आणि १९७७ च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिलं की या चुका आळसाने किंवा अडाणीपणाने होत नाहीत. त्यांना आतून एक तर्क असतो. तुमच्या एफवायच्या वर्गात हे रोज घडतं. मुलगा ‘आय ॲम ॲग्री’ लिहितो, कारण त्याच्या डोक्यात ‘मी सहमत आहे’ हे वाक्य तयार आहे आणि त्यातला ‘आहे’ त्याला कुठेतरी बसवायचा आहे. ‘डिस्कस अबाउट’ही तसंच, ‘विषयी चर्चा’ मधून आलेलं. लाल पेनाने गोल करणं सोपं आहे. तो गोल का करावा लागला, याचा माग काढणं हा या शाखेतला एक मोठा उद्योग. भाषेतल्या फरकाकडे अडचण म्हणून न पाहता साधन म्हणून पाहा, असं सांगणारा एक प्रवाहही इथे गेली पंधरा वर्षं जोरात आहे. पेन स्टेटचे सुरेश कनगराजा हे त्यातलं मोठं नाव. ते आधी श्रीलंकेतल्या जाफना विद्यापीठात शिकवत. आपल्या भागातून येणाऱ्याला या चर्चेत परकं वाटत नाही.

आता एक गुंता. रेटरिक हा विषय अमेरिकेत दोन घरांत राहतो. १९१४ मध्ये सार्वजनिक भाषण शिकवणारे शिक्षक इंग्रजीच्या शिक्षकांपासून फुटले आणि त्यांनी वेगळी संघटना काढली. तेव्हापासून भाषणं, चळवळी, राजकीय संवाद यांचा अभ्यास मुख्यतः कम्युनिकेशन विभागात होतो, आणि लेखन, वर्ग, अभ्यासक्रम यांचा इंग्रजी किंवा रायटिंग विभागात. भिंत पक्की नाही, पण अर्ज करताना घर चुकलं तर अर्ज वाया जातो. आपल्याकडच्या मुलांना आंबेडकरांवर काम करायचं असतं आणि त्याला इथे भक्कम आधार आहे. टेक्सस विद्यापीठाचे स्कॉट स्ट्राउड यांनी आंबेडकर, कोलंबियातले त्यांचे गुरू जॉन ड्यूई आणि वक्तृत्वाची परंपरा यांवर २०२३ मध्ये आख्खा ग्रंथ लिहिला. १९३६ चं जातिनिर्मूलनाचं भाषण तर आमच्या क्षेत्रातल्या कोणाही अभ्यासकाला मोहात पाडेल असं आहे: लाहोरच्या आयोजकांनी मजकूर वाचून अधिवेशनच रद्द केलं आणि न झालेलं भाषण छापून सर्वत्र गेलं. पण स्ट्राउड कम्युनिकेशनच्या घरातले. तुमचा विषय असा असेल तर अर्ज तिकडेही करा. आणि बर्कलीच्या रेटरिक विभागाच्या नावावर भुलू नका. तिथे तत्त्वज्ञान, कायदा, सिनेमा यांचा सिद्धांताच्या अंगाने अभ्यास होतो. लेखन-अध्यापनाशी त्याचा फारसा संबंध नाही.

तुम्ही काय विषय घ्यावा हे मी ठरवणार नाही, पण तुमच्याच टेबलावर पडलेला एक विषय दाखवते. विनंती अर्ज. ‘वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की...’ इथून सुरू होऊन ‘तरी कृपया योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती’ इथे संपणारा. मुलगा तो आठवीत पाठ करतो, कॉलेजात बोनाफाइडसाठी लिहितो, पुढे तलाठ्याला लिहितो, आणि इंग्रजीत नोकरीचा अर्ज लिहायची वेळ आली की तोच साचा ‘विथ रेफरन्स टू द अबव्ह सब्जेक्ट’ म्हणत उतरवतो. नीट पाहिलंत तर त्यात कोणी कोणापुढे किती वाकायचं, मागणी किती शब्दांमागे लपवायची आणि नकार आलाच तर दोघांचीही अब्रू कशी राखायची, हे सगळं ठरलेलं आहे. कॅरोलिन मिलर यांनी १९८४ च्या एका निबंधात मांडलं होतं की लेखनप्रकार म्हणजे नुसता साचा नसतो; पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रसंगात लोकांनी मिळून ठरवलेली ती एक कृती असते. आमच्या शाखेत तो निबंध सगळ्यांना वाचावाच लागतो. तो बाजूला ठेवून शंभर विनंती अर्ज वाचा. पीएच.डी.चा प्रश्न तिथे नक्की सापडेल, आणि तो दुसऱ्या कोणाकडे नसेल.

प्रवेशाकडे येते. स्टेटमेंट ऑफ पर्पज (काय शिकायचंय आणि का, हे सांगणारं निवेदन), पंधरा ते पंचवीस पानांचं लेखन, तीन शिफारसपत्रं आणि इंग्रजीची परीक्षा, एवढं बहुतेक ठिकाणी लागतं. जीआरई ही सामायिक प्रवेश परीक्षा बऱ्याच विभागांनी सोडून दिली आहे. स्टेटमेंटची सुरुवात ‘लहानपणापासून मला इंग्रजी साहित्याची ओढ आहे’ अशी झाली की समितीतला माणूस पुढचं पान चाळायला लागतो. याउलट वर सांगितलेल्या विनंती अर्जांपैकी एकाच अर्जातल्या एका ओळीने सुरुवात करा, ती ओळ तुम्हाला का खुपते ते सांगा. आम्ही शेवटपर्यंत वाचू. लेखनाचा नमुना म्हणून एम.ए.चा कवितेवरचा प्रबंध चालतो, पण शिकवण्याविषयी काही लिहून तयार केलंत तर वजन पडतं.

शिफारसपत्रांत आपली मुलं फार मार खातात. एचओडींच्या लेटरहेडवर ‘सिन्सिअर, हार्डवर्किंग अँड पंक्च्युअल’ आणि खाली शिक्का. त्यातून आम्हाला काहीच कळत नाही. सरांना किंवा मॅडमना विनंती करा की एक तास तुमच्या वर्गात मागे बसा आणि जे पाहिलंत तेच लिहा. मुलांनी काय विचारलं, तुम्ही काय उत्तर दिलं, एवढं जरी आलं तरी ते पत्र उठून दिसतं.

इंग्रजीच्या परीक्षेत बोलण्याचे गुण स्वतंत्रपणे पाहिले जातात, कारण तुम्हाला लगेच वर्गात उभं करायचं असतं. काही ठिकाणी पोहोचल्यावर आणखी एक तोंडी परीक्षा होते. उच्चार मराठी आहेत याने बिघडत नाही. भरभर आणि एका सुरात बोलण्याने बिघडतं.

विभाग निवडताना क्रमवारीपेक्षा माणसं पाहा. ओहायो स्टेट, पेन स्टेट, पर्ड्यू, मिशिगन स्टेट, सिराक्यूज, लुइव्हिल, ॲरिझोना, आयोवा स्टेट ही या क्षेत्रातली जुनी, भरवशाची नावं. टेक्निकल कम्युनिकेशनकडे (तांत्रिक विषयांवरच्या लेखनाकडे) कल असेल तर टेक्सस टेक आणि मिनेसोटा. अलीकडे काही विभाग एखाद्या वर्षी प्रवेशच घेत नाहीत, तेव्हा अर्जाची फी भरण्याआधी त्या वर्षीचं संकेतस्थळ तपासा. मुदत डिसेंबर-जानेवारीत संपते, उत्तरं फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. मानधनाचा प्रस्ताव आल्यावर बहुतेक विद्यापीठांत १५ एप्रिलपर्यंत विचार करायची मुभा असते. कोणी ‘दोन दिवसांत कळवा’ म्हणून घाई केली तर या तारखेची आठवण नम्रपणे करून द्या.

मग ऑगस्टमध्ये तुम्ही पोहोचता, आठवडाभराचं प्रशिक्षण होतं आणि पुढच्या सोमवारी अठरा वर्षांची वीस-बावीस मुलं समोर बसलेली असतात. काम कसलं ते एका निबंधावरून सांगते. शेतकऱ्याच्या मुलाने गावाबद्दल लिहिलेला पहिला खर्डा. सुरुवात: ‘मानवजातीच्या आरंभापासून शेतीला महत्त्व आहे.’ दोन पानं अशीच. तिसऱ्या पानाच्या मध्यावर एक वाक्य: काकाने या वसंतात सगळी डुकरं विकली, आणि वासाची तक्रार करणारे शेजारी आता त्याला जेवायला बोलावतात. लगेच पुन्हा ‘अशा प्रकारे शेती महत्त्वाची आहे’. नवशिका शिक्षक स्वल्पविराम दुरुस्त करत बसतो, अर्धा तास घालवतो, आणि मुलगा स्वल्पविराम दुरुस्त करून तोच निबंध परत देतो. शिकलेला शिक्षक त्या एका वाक्याखाली रेघ मारून लिहितो, ‘हे इथे का लपवलंस? शेजाऱ्यांचा राग नेमका कधी गेला?’ आणि बाकी पानांवर काही लिहीत नाही. दुसऱ्या खर्ड्यात निबंध तिथून सुरू होतो. स्वल्पविरामांचं तिसऱ्या खर्ड्यात पाहू. रविवारी दुपारी असे वीस निबंध समोर असताना त्यातलं ते एक वाक्य शोधण्यात तुम्हाला मजा येईल का? माझ्या मते प्रवेशासाठीची खरी परीक्षा हीच.

शिकवण्याबरोबर तुमचे स्वतःचे वर्ग दोन-अडीच वर्षं चालतात: प्राचीन ग्रीक-रोमन वक्तृत्वशास्त्र, लेखन-अध्यापनाचा इतिहास, संशोधनपद्धती. नंतर ठरलेल्या वाचनयादीवर लेखी-तोंडी परीक्षा, मग प्रबंध. सगळं मिळून चार ते सहा वर्षं. विद्यार्थ्यांचं लेखन संशोधनात वापरायचं असेल तर विद्यापीठाच्या नैतिकता समितीची आधी परवानगी लागते. वर्ग संपल्यावर ‘आता त्यांचे निबंध वापरू’ असं चालत नाही, आणि भारतातल्या कॉलेजातून सामग्री आणणार असाल तर तिथल्या प्राचार्यांचं पत्रही वेळेत लागतं. हे पत्र मिळवायला जो वेळ लागतो, त्याचा अंदाज मी तुम्हाला काय सांगावा!

पैसे. मानधन नऊ महिन्यांचं, वर्षाला साधारण १८ ते ३० हजार डॉलरच्या दरम्यान, विद्यापीठ आणि शहर पाहून. लहान गावात एकट्याचं भागतं, शिल्लक फार पडत नाही. ‘ट्यूशन माफ’ म्हणजे सगळं माफ असं समजू नका. बस, जिम, तंत्रज्ञान अशा नावांची शुल्कं बऱ्याच ठिकाणी वेगळी भरावी लागतात. प्रस्ताव आला की तीन गोष्टी ईमेलवर लेखी विचारा: ही शुल्कं किती, आरोग्यविम्यातला वाटा कोणाचा, आणि उन्हाळ्यात काम मिळतं का. पहिला पगार सप्टेंबर उजाडल्याशिवाय हातात येत नाही, तेव्हा घरभाडं, डिपॉझिट आणि दोन महिन्यांचा खर्च घेऊनच विमानात बसा. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत आणि कॅम्पसवरच काम करता येतं. नवरा एफ-२ या जोडीदारासाठीच्या व्हिसावर आला तर त्याला काम करता येत नाही. लग्न झालेलं असेल तर हा मुद्दा निघण्याआधी घरी नीट बोलून घ्या.

नोकरीचं चित्र मी गुलाबी रंगवणार नाही. २००८ च्या मंदीनंतर इंग्रजी विभागांतल्या कायम जागा घटत गेल्या. साहित्यवाल्यांपेक्षा आमच्या लोकांचं त्यातल्या त्यात बरं चाललं, कारण लेखनाचे वर्ग तर चालवावेच लागतात. पण आज निघणाऱ्या जाहिरातींत कायम जागांबरोबर करारावरच्या जागा भरपूर असतात आणि तिथे एका सत्रात चार-चार वर्ग घ्यावे लागतात. ज्यांनी पदवी करतानाच रायटिंग सेंटरमध्ये (मुलांना लेखनात मदत करणाऱ्या केंद्रात) काम केलं, लेखनविभागाच्या संचालकांचं साहाय्यक म्हणून वर्षभर प्रशासन पाहिलं किंवा टेक्निकल रायटिंग शिकवलं, त्यांना जागा लवकर मिळतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून ‘आता लेखन शिकवायचंच कशाला’ असं विचारणारे भेटू लागले आहेत. फोर सीज आणि मॉडर्न लँग्वेज असोसिएशन (भाषा-साहित्याच्या प्राध्यापकांची संघटना) यांनी २०२३ मध्ये संयुक्त कृतिगट नेमून यावर भूमिका मांडली. मला विचाराल तर संशोधनाला इतके ताजे प्रश्न कित्येक वर्षांत मिळाले नव्हते. पण जागा किती राहतील, याची चिंताही तितकीच खरी आहे.

व्हिसाचंही आधीच समजून घ्या. हा विषय एसटीईएममध्ये (विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या यादीत) मोडत नाही, त्यामुळे पदवीनंतर ओपीटी, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच काम करायची मुभा, फक्त १२ महिने. विद्यापीठांना एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीतून सूट आहे, हा फायदा. मात्र सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं. ते कोणाला लागू आणि कोणाला नाही, हे त्या त्या वेळच्या नियमांवर आहे, तेव्हा विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसकडूनच खात्री करून घ्या. भाच्याच्या मित्राच्या अनुभवावर निर्णय घेऊ नका.

परत यायचं ठरवलंत तर? यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार क्यूएस, टाइम्स किंवा शांघाय यांच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या ५०० त असलेल्या परदेशी विद्यापीठाची पीएच.डी. असेल तर सहायक प्राध्यापकपदासाठी नेटची अट राहत नाही. आमच्या क्षेत्रातले काही उत्तम विभाग त्या यादीबाहेरच्या विद्यापीठांत आहेत. तुमच्याकडे सेट आहे, त्यामुळे महाराष्ट्रापुरतं अडणार नाही; राज्याबाहेर जायचं असेल तर क्रमवारी पाहूनच विद्यापीठ निवडा. खासगी विद्यापीठांत या कामाला आता मागणी येऊ लागली आहे; सोनीपतच्या अशोका विद्यापीठाचं लेखनकेंद्र हे त्याचं एक उदाहरण. आपल्या अनुदानित कॉलेजांत मात्र ‘कॉम्पोझिशन’ नावाची जागा निघत नाही. तुम्ही इंग्रजीच्याच जागेवर याल आणि रोस्टर, मुलाखत, भरतीबंदी हे सगळं जिथल्या तिथे असेल.

पाच-सहा वर्षं घर सोडणं जमणारं नसेल तर मधला रस्ता आहे. पीएच.डी. भारतातच, शिवाजी विद्यापीठात वगैरे नोंदवा आणि फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल रिसर्च फेलोशिपवर सहा ते नऊ महिने अमेरिकेतल्या एखाद्या विभागात काढून या. पदवी भारतीय राहते, वाचन आणि ओळखी मात्र तिकडच्या मिळतात.

वयाचं विचारलंत. ३३ हे या शाखेत अगदी मधलं वय. शाळेत दहा वर्षं शिकवून, मुलंबाळं घेऊन आलेले लोक प्रत्येक तुकडीत असतात, आणि वर्गात पहिल्या दिवशी त्यांचे पाय लटपटत नाहीत.

पुढच्या डिसेंबरात अर्ज करायचा असेल तर सप्टेंबरमध्ये पाच-सहा विभागांच्या ग्रॅज्युएट डायरेक्टरना (पीएच.डी.-एम.ए.चं काम पाहणाऱ्या प्राध्यापकांना) ईमेल करा. तुम्ही कुठे काय शिकवता ते एका वाक्यात, कोणता प्रश्न घेऊन यायचंय ते दोन वाक्यांत, आणि शेवटी एवढंच विचारा की त्यांच्याकडे यंदा प्रवेश आहेत का आणि या विषयावर काम करणारं कोणी विद्यार्थी घेतं आहे का. ‘रिस्पेक्टेड सर/मॅडम’ आणि सविनय वगैरे गाळा, सीव्ही मागितला तरच पाठवा. आठवडा-दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा, आणि तरी काही कळलं नाही तर तो विभाग यादीतून काढून पुढच्याकडे वळा.